नोडल सरांचं पोर्टल

नोडल सर पोर्टल उघडण्याआधी चपला काढत. भक्ती वगैरे काही नाही, नियम होता म्हणून. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात संगणकाची खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती, की पादत्राणं बाहेर काढावीत. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा कोणीतरी ती लावली असणार. तेव्हा खोलीत एसी होता आणि धुळीची भीती होती. आमच्या वेळेपर्यंत एसी बंद पडला होता, खिडकीची एक काच फुटली होती आणि कबुतरं त्या वाटेने खुशाल ये-जा करत होती. कबुतरांना नियम लागू नव्हता, आम्हाला होता. घरबसल्या ऑनलाइन नोंदणीच्या त्या दिवसांत खोलीबाहेर चपलांचा ढीग पडलेला असे. आत काम न होता बाहेर आलेल्या मुलांना कधीकधी स्वतःची चप्पलही मिळत नसे.

सर मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. बुटके, पोट किंचित सुटलेलं, खांद्याला कापडी झोळी आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पण विद्यापीठाने नोंदणीचं पोर्टल सुरू केलं आणि प्रत्येक कॉलेजाला एक ‘नोडल ऑफिसर’ नेमायला सांगितलं. आमच्याकडे हे नेमले गेले. नोडल म्हणजे काय हे कॉलेजात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण शब्द वजनदार होता. वर्षभरात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

बाबांची बँकेतून नागपूरहून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही तिथल्या बेहाला भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याच वर्षी माझी बारावी झाली होती. इतिहास घेऊन पदवी करायची असं मी ठरवलं. नोंदणी सकाळी अकराला सुरू होणार होती. बाबांनी त्या दिवशी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं होतं, आणि ते आणि आई माझ्या खुर्चीमागे उभे होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी पोर्टल पडलं. एकला उठलं. मग त्याने माझी मातृभाषा विचारली. यादीत मराठी नव्हती, म्हणून मी ‘इतर’ निवडलं. एक चौकट उघडली, ‘कृपया नमूद करा’. मी मराठी असं लिहिलं, तर चौकट लाल झाली, आणि खाली सूचना आली, की येथे फक्त अंक चालतील. बाबांनी चष्मा पुसून ती सूचना स्वतः वाचली. स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. शेवटी मी १ लिहिलं, आणि चौकट हिरवी झाली. त्या विद्यापीठाच्या दप्तरी माझी मातृभाषा आजही १ आहे. आई म्हणाली, “चला, पहिला नंबर तरी आला.”

इतिहासाबरोबर दुसऱ्या विभागातला एक विषय घ्यायचा होता. मी राज्यशास्त्र निवडलं. दोन दिवसांनी पावती आली, तीत वनस्पतिशास्त्र होतं. मी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं. पावती घेऊन मी चपला काढल्या आणि नोडल सरांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून ती पावती वाचली.

“इथे वनस्पतिशास्त्र लिहिलंय,” ते म्हणाले. आमचं बोलणं कायम हिंदी, बंगाली आणि इंग्रजीच्या मिश्रणात चाले.

मी म्हटलं, की तेच चुकलं आहे.

“पोर्टल चूक करत नाही, मा,” ते अगदी मायेने म्हणाले. इकडे वडीलधारे लोक मुलींना असंच ‘मा’ म्हणतात. “त्याला चूक करायची सोयच ठेवलेली नाही.”

मग त्यांनी मी कुठली ते विचारलं. नागपूर त्यांना नीट उमगलं नाही, महाराष्ट्र उमगलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘मोहाराष्ट्रो’ झाले, ती शेवटपर्यंत.

पोर्टलची बाजू घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पोर्टल बंद असलं की ते म्हणत, “बंद नाही, व्यस्त आहे. मोठ्या लोकांना भेटायला वेळ लागतोच ना?” सारखं रिफ्रेश करणाऱ्या मुलांना ते दटावत, की दार वाजवत राहिलं म्हणून कोणी लवकर उघडत नाही. आणि ऑनलाइन या शब्दाचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता, तो म्हणजे तीन प्रती. अर्ज पोर्टलवर भरायचा, तो छापायचा, त्यावर सही करायची, सही केलेला अर्ज स्कॅन करून पुन्हा पोर्टलवर चढवायचा आणि चढवल्याची पावती छापून तिच्या तीन प्रती सरांकडे द्यायच्या. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने त्या वर्षी दुसरं मशीन घेतलं. विषय बदलून मिळावा म्हणून मी केलेल्या अर्जाच्याही तीन प्रती सरांच्या कपाटात गेल्या. तो अर्ज पोर्टलवर महिनोन्महिने ‘विचाराधीन’ होता. विचार कोण करत होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

नाइलाजाने मी सोमवारी आणि शुक्रवारी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला जाऊन बसू लागले. तिथे मला वेगळेच सर भेटले. ते वर्गात शिकवतच नसत. आम्हाला मागच्या आवारात नेत, एकेकीच्या हातात एक पान देत आणि दहा मिनिटं गप्प बसायला सांगत. मग काय दिसलं ते विचारत. कोणी घाईने झाडाचं नाव सांगितलं की ते मान हलवत. नाव मला माहीत आहे, म्हणत, तू काय पाहिलंस ते सांग. एकदा एका मुलीने सदाफुलीच्या पानावरची शीर दाखवून काहीतरी विचारलं, तर सर भिंग लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मला माहीत नाही. सोमवारी सांगतो.” आणि सोमवारी शोधून आणून खरंच सांगितलं. संगणकाच्या खोलीत कधीही न चुकणारा हा माणूस आवारात आला की सरळ ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो, याचं मला आश्चर्य वाटे आणि रागही येई. मी घरी त्यांच्या नकला करून दाखवायचे. बाबा हसून लोटपोट व्हायचे.

तो प्रश्न विचारणारी मुलगी म्हणजे मौशुमी. ती सरांच्याच विषयाची विद्यार्थिनी, दक्षिणेकडच्या एका खेड्यातून रोज अडीच तास प्रवास करून यायची. पहिल्या बाकावर बसायची. देठाचा आडवा छेद ती असा काढायची, की सर तिची वही दुसऱ्या वर्गांत नेऊन दाखवत. घरात तिच्या पाठचा भाऊ होता. एका वेळी एकाच मुलाला कोलकात्याला पाठवणं त्या घराला झेपण्यासारखं होतं. भाऊ बारावी होईपर्यंत हिने शिकून घ्यायचं आणि कामाला लागायचं, असं ठरलं होतं. हे तिने मला एकदा शिंगाडे सोलता सोलता सहज सांगितलं होतं.

डिसेंबरात परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. मौशुमीने स्वतःचं नाव टाकलं, तर पोर्टल म्हणालं, की अशी कोणी विद्यार्थिनी अस्तित्वात नाही. तिने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. मी माझ्या अर्जासाठी त्याच खोलीत होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ती सरांच्या टेबलाशी गेली. तिच्या हातात ऑगस्टमधला एक मऊ पडलेला कागद होता, ‘आपली नोंदणी प्रक्रियेत आहे’ असं छापलेला.

सर सवयीने म्हणाले, की इंटरनेट नीट नसेल, संध्याकाळी बघ.

“सर, मी हा कागद घेऊन ऑगस्टमध्येही आले होते,” मौशुमी म्हणाली. “तुम्ही म्हणालात, पोर्टल बरोबर आहे, नाव येईल.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. झालं ते ती क्रमाने सांगत होती, छेदाचं वर्णन सांगावं तसं. सरांनी विद्यापीठाला पाठवलेली यादी उघडली. त्यावर बोट ठेवत खालपर्यंत गेले. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. तिचं नाव नव्हतं. मग त्यांनी झोळीतून हजेरीचं रजिस्टर काढलं आणि स्क्रीनशेजारी उघडून ठेवलं. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मौशुमीच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात हजर, हजर, हजर लिहिलेलं होतं. एकही खाडा नव्हता.

“मग मी रोज हजेरी कोणाची घेत होतो?” सर म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं, की पोर्टलने तयार केलेल्या यादीत चारशे नावं होती, मुदतीची शेवटची वीस मिनिटं उरली होती आणि यादी न वाचताच त्यांनी शेवटचं बटण दाबलं होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, की सर, एक पान तुम्ही तीनतीनदा बघता.

“हो,” ते म्हणाले. “पानं मला आवडतात. याद्या आवडत नाहीत.” मग भिंग शर्टाच्या आत टाकून ते उठले आणि प्राचार्यांकडे गेले. चपला घालायचं विसरले. जिन्यावरून अनवाणीच गेले.

प्राचार्य भले गृहस्थ होते. भली माणसं अशा वेळी सुचवतात तसाच मार्ग त्यांनी सुचवला. मुलीने पुढच्या वर्षी नव्याने प्रवेश घ्यावा, एक वर्ष म्हणजे काही फार नाही. आणि सरांनी लेखी काहीही देऊ नये, कारण लेखी दिलेलं परत कॉलेजवरच येतं. सर ऐकून घेऊन बाहेर आले. पोर्टलवर तक्रारीची सोय होती, ती त्यांनी उघडली. तक्रारीच्या अर्जात पहिलाच रकाना नोंदणी क्रमांकाचा होता, आणि तो भरल्याशिवाय दुसरा उघडत नव्हता. नोंदणी क्रमांक मिळाला नाही, हीच तर तक्रार होती. सर त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसले. चार महिने आम्ही जे बघत होतो, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी ते मौशुमीला घेऊन सॉल्ट लेकमधल्या विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात जायला निघाले. मला म्हणाले, “मोहाराष्ट्रो, तूही चल. तुला तक्रारीचा सराव आहे.”

पहिल्या दिवशी खिडकीतल्या माणसाने तक्रार ऑनलाइन करा असं सांगितलं. सरांनी रकान्याची अडचण समजावली. तो म्हणाला, मग क्रमांक टाका. सर म्हणाले, क्रमांक नाही. तो म्हणाला, क्रमांक नसेल तर तक्रार घेता येत नाही. हे संभाषण सरांनी शांतपणे चार वेळा केलं. मला आतून थोडं बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? खिडकीतला माणूस सरांशी शब्दन्‌शब्द सरांसारखाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी तिथले मोठे साहेब रजेवर होते. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. दुपारी सर आम्हाला त्याच इमारतीमागे घेऊन गेले. तिथे कुंपणाशी कैलासपतीचं मोठं झाड होतं, थेट खोडावर फुलं येणारं. सर म्हणाले, की पोर्टलचं प्रशिक्षण याच इमारतीत होतं. कॉलेजातून कोणी यायला तयार नव्हतं. सरांना मात्र हे झाड ठाऊक होतं, म्हणून ते हौसेने आले. सकाळी हजेरीच्या कागदावर सही केली आणि दिवसभर झाडाखाली बसून चित्रं काढली. संध्याकाळी सगळ्यांबरोबर त्यांनाही प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजात प्रमाणपत्र असलेला एकच माणूस होता, म्हणून तो नोडल ऑफिसर.

“मला त्यातलं काही येत नव्हतं,” ते म्हणाले. “येत नाही असं सांगायची लाज वाटली. मग पोर्टल बरोबर आहे असं म्हणत राहिलो. ते सगळ्यात सोपं होतं.”

मौशुमीने खाली पडलेलं एक फूल उचललं आणि पाकळ्या मोजत बसली. तिने सरांना माफ केलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तरी त्या दिवशी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेब भेटले. त्यांनी रजिस्टर पाहिलं, तिचा तो कागद पाहिला आणि सरांना बसायला सांगितलं. मग त्यांनी अडचण समजावली. सर्व्हरची चूक असेल तर प्रकरण तांत्रिक समितीकडे जाईल, आणि समितीची बैठक मार्चमध्ये. माणसाची चूक असेल तर दुरुस्ती त्यांच्याच सहीने आज होईल.

“पण मग त्या माणसाचं नाव कागदावर लागतं,” साहेब म्हणाले. “पुढे चौकशी होते. विचार करून सांगा. चूक कोणाची?”

मौशुमीने नोंदणी केली होती, कागद होता. तिचं नाव पोर्टलनेच गिळलं होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. यादी न वाचणं एवढाच सरांचा गुन्हा होता.

“माझी,” सर म्हणाले. “पोर्टल बरोबर आहे. नाव माझ्याकडून राहिलं.” त्यांनी झोळीतून पत्र काढलं. ते त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. अर्थात तीन प्रतींत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी छापील यादीच्या तळाशी मौशुमीचं नाव शाईच्या पेनाने लिहून आलं. पोर्टलमध्ये ते चढायला आणखी एक सत्र लागलं, पण तोवर ती परीक्षा देऊन पास झाली होती. सरांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोडलपद काढून घेतल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठतेने मिळणारं विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. नवीन नोडल ऑफिसर तरुण होते, चटपटीत होते. ते चपला काढत नसत, आणि पोर्टल चुकलं की विद्यापीठाला शिव्या देत. आमची कामं पूर्वीइतकीच होत होती.

फेब्रुवारीत मला संदेश आला, की विषय बदलण्याची विनंती मंजूर झाली आहे, राज्यशास्त्राच्या वर्गाला ताबडतोब हजर राहावे. सत्र संपलं होतं, परीक्षा झाली होती, आणि वनस्पतिशास्त्रात मला इतिहासापेक्षा जास्त गुण होते. मी तो संदेश सरांना नेऊन दाखवला. ते पोट हलेपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. घरी मी त्यांच्या नकला करणं कधी बंद केलं ते आठवत नाही, पण बाबांनीच एकदा विचारलं, की तुझे ते नोडल सर हल्ली रजेवर आहेत का?

सरांच्या निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी कॉलेजच्या डिजिटल वाटचालीतल्या त्यांच्या मोलाच्या वाट्याचा गौरव केला. प्रोजेक्टर सुरू झाला नाही, म्हणून गौरव तोंडीच झाला. सर उत्तरादाखल दोनच वाक्यं बोलले. “मी पस्तीस वर्षं झाडं शिकवली आणि चार वर्षं पोर्टल. झाडांबद्दल मला अजून पुष्कळ शंका आहेत.” मुलं टाळ्या वाजवत राहिली. पहिल्या रांगेत कोणी वाजवल्या नाहीत.

बाबांची पुढे पुण्याला बदली झाली. मी कोलकात्यातच राहिले. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत मी लोकांनी भरायच्या फॉर्मची तपासणी करते. बैठकीत कोणी म्हणालं की यात वापरणाऱ्याची चूक आहे, तर मी त्या वापरणाऱ्याचं नाव विचारते. कोणालाही ते माहीत नसतं. सहकाऱ्यांना माझा कंटाळा येतो, तो येऊ दे.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकाराचा झटका, अर्ध्या तासात संपलं. मौशुमीने फोन करून कळवलं. ती आता आमच्याच कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवते, पानं घेऊन मुलींना आवारात बसवते. आम्ही दोघी बेहालात त्यांच्या घरी गेलो. काकिमांनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आम्हाला चहा दिला. सरांचा मोबाइल टेबलावर होता, शेजारी एक वही आणि पेन. चहा अर्धा झाला तेवढ्यात तो मोबाइल वाजून बंद झाला.

काकिमा आम्हाला म्हणाल्या, की कॉलेजच्या संकेतस्थळावर मदतीसाठी म्हणून अजून यांचाच नंबर आहे. पद काढलं, निवृत्त झाले, वारले, तरी तिथून काही निघालेला नाही. नोंदणी किंवा परीक्षेचे अर्ज सुरू झाले की दिवसभर मुलांचे फोन येतात. मौशुमीने मान खाली घातली. संकेतस्थळ दुरुस्त करा म्हणून तिने तीनदा अर्ज दिला होता, तो विचाराधीन होता. मी काकिमांना नंबर बंद करून टाकायला सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा बोलले नाही.

मोबाइल पुन्हा वाजला आणि त्यांनी तो उचलला. पलीकडून एका मुलीचा रडवेला आवाज येत होता. काकिमांनी वही जवळ ओढली.

“ते आता नाहीत, मा,” त्या म्हणाल्या. “पण थांब, फोन ठेवू नकोस. तुझं नाव सांग. सावकाश सांग, मी लिहून घेते.”